आई-बाबांना अतामीला पाठवलं, ते चुकलं का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू टोकियोत, निशी-कासाईला राहतेस. एप्रिलमध्ये सांगलीहून आई-बाबा पहिल्यांदाच आले आणि नेमकी तेव्हाच ऑफिसात कामाची घाई. मग त्यांना दोन रात्री अतामीला, गरम झऱ्यांच्या हॉटेलात पाठवलंस. ते परत गेल्यावर ‘टोकियो स्टोरी’ हा जपानी चित्रपट पाहिलास. त्यातली मुलगी शिगे आणि तिचा भाऊही म्हाताऱ्या आई-बाबांना अतामीलाच पाठवतात. तेव्हापासून तुला झोप नाही. विचारतेस, ‘मी त्या शिगेसारखीच का? फोन करून माफी मागू?’

पोरी, फोनवर माफी मागू नकोस. तू रडशील, मग आईच तुझी समजूत काढत बसेल. ‘छान झालं गं सगळं’ म्हणेल आणि तिला खरं काय वाटलं ते पुन्हा तिच्या पोटातच राहील.

शिगे मला तू लिहिलीस तेवढीच दिसत नाही. नवऱ्याने सासू-सासऱ्यांसाठी महागाचा केक आणला तर तिला खर्च खुपतो, खरंय. आईच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणातच तिचे किमोनो मागते, तेही खरंय. पण ओक्साबोक्शी रडते तीही शिगेच, आणि ते रडणं मला कधी खोटं वाटलं नाही. १९५३च्या या चित्रपटात दिग्दर्शक ओझूंनी खलनायक ठेवलाच नाही. थोरला भाऊ कोइची डॉक्टर. रविवारी सगळे फिरायला निघणार, तेवढ्यात पेशंटसाठी बोलावणं येतं आणि तो जातो. काय चुकलं त्याचं?

अतामीचं मात्र मला टोचतं. शिगेच्या आई-बाबांना, तोमी आणि शुकिचीला, तिथे धाडलं, कारण घरात त्यांची अडचण होत होती. रात्रभर हॉटेलात गाणी-गोंगाट, दोघं टक्क जागी. एका रात्रीत परतले, तर शिगेकडे बैठक ठरलेली, निजायला जागा नाही. तू त्यांच्या सुखासाठी पाठवलंस की तुझ्या सोयीसाठी, हे तुझं तुलाच ठाऊक. बहुधा दोन्ही असेल.

तोमीला सुख कुठे मिळालं ते आठव. विधवा सून नोरिको, एका खोलीत राहणारी. पाहुणचाराची साके, म्हणजे तांदळाची दारूसुद्धा शेजारणीकडून मागून आणते. एक दिवस रजा काढून दोघांना शहर दाखवते. मग एका रात्री सासू तिच्याकडे झोपते, युद्धात गेलेल्या मुलाच्या अंथरुणावर, आणि नोरिको तिचे खांदे चेपून देते. एवढंच. तरी शेवटी हीच नोरिको सासऱ्यांना सांगते, मी तुम्हाला वाटते तितकी चांगली नाही.

तेव्हा सांगलीला जा. चार दिवस पुरतील, पण बँकेची कामं, दातांचा डॉक्टर, मैत्रिणी आणि खरेदी त्यात कोंबू नकोस. बाबा नेतील तिथे जा, मग ती नुसती पानाची टपरी का असेना. रात्री आईच्या शेजारी अंथरूण घाल. दिवा मालवल्यावर विचार, ‘अतामीला झोप लागली होती का गं तुला?’

ती ‘हो’ म्हणेल. जरा थांब, आणि पुन्हा विचार.