एकच वाफा माग

प्रिय,

तुझा हिशोब वाचला. १४ दिवस, रोज ४ तास बागेत, म्हणजे ५६ तास. "एवढ्या वेळात वुडकटचे, लाकडात कोरून छापायच्या चित्रांचे, तीन ठोकळे कोरून झाले असते, ताई" असं लिहून पुढे जे प्रश्नचिन्ह काढलंस, त्यावर पेन इतकं दाबलंयस की ते कागदाच्या मागे उमटलंय. म्हणून लगेच लिहायला बसले.

रेसिडेन्सीला, म्हणजे कलाकाराला काही दिवस राहून आपलं काम करायला जागा देतात आणि तुझ्या बाबतीत बदल्यात बागेत राबायला लावतात तिथे, जावं की नाही, हे तू विचारलेलं नाहीस. जाणार आहेस, ते मला कळतं. तुझा प्रश्न आहे की बागेचे तास कमीत कमी जाचात कसे काढायचे. रोज वेगळं काम मागून घ्यायचं, म्हणजे कंटाळा येणार नाही आणि चित्रांना विषयही मिळतील, असा तुझा बेत. तेवढं मात्र करू नकोस. पहिल्याच दिवशी बाग सांभाळणाऱ्या माणसाकडे जा आणि एकच वाफा माग. चौदाही दिवस तोच.

हा बेत माझाही होता. मी ३१ वर्षांची होते, तीन आठवड्यांसाठी गेले होते. सोमवारी बी पेरलं, मंगळवारी कंपोस्ट उलथलं, बुधवारी छाटणी, गुरुवारी कुंड्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिथले म्हातारे माळी मला एका कोपऱ्याशी घेऊन गेले आणि म्हणाले, हा वाफा तुम्ही घ्या. मी नको म्हटलं. मला सगळं बघायचं होतं, मला 'अनुभव' हवा होता. त्यांनी मान हलवली आणि तो वाफा दुसऱ्या मुलीला दिला. परतले तेव्हा माझ्याकडे चाळीस पानं होती, झाडांच्या नावांनी गच्च भरलेली. वर्षाने वाचली तर त्यात एकही वाक्य असं नव्हतं जे फाटकाबाहेर उभं राहून लिहिता आलं नसतं. सगळी फाडली. त्या मुलीनं काय लिहिलं ते मला माहीत नाही. पण शेवटच्या संध्याकाळी ती वाफ्याशी उकिडवी बसली होती आणि तिला काहीतरी दिसत होतं. मला दिसत नव्हतं. ते अजून सलतं.

एका वाफ्यात काय घडतं, ते सांगते. मुळ्याचं बी उबदार मातीत ३ ते ५ दिवसांत वर येतं. आधी येतात ती दोन पानं बियातच तयार होऊन बसलेली असतात. मुळा असो, कोबी असो की मोहरी, ती जवळजवळ सारखीच, हृदयाच्या आकाराची. झाडाची ओळख सांगणारं खरं पान त्यानंतर काही दिवसांनी फुटतं, आणि तेही आधी चुरगळलेलं. पाचव्या दिवशी जो वाफ्यावरून गेला आणि पुन्हा फिरकला नाही, तो त्या हृदयाच्या पानाचं चित्र काढून घरी जातो आणि त्याला मुळा म्हणतो. गाजर तर दोन आठवडे लावतं. तुझ्या मुक्कामात ते कदाचित दिसणारही नाही. तरी पेर.

आणि तण. लव्हाळा ओढलास की पातं हातात येतं, गाठी जमिनीतच राहतात. आठवड्याच्या आत तो पुन्हा उभा. रोज वेगळ्या जागी खुरपणाऱ्याला हे कधीच कळत नाही. त्याला वाटतं आपण काम संपवलं. आपलंच काम आपल्यावर उलटून आलेलं बघायला त्याच मातीत पुन्हा गुडघे टेकावे लागतात. तू ठोकळे कोरतोस. एकच रेघ तीनदा खोल करावी लागते हे तुला मी शिकवायचं? मग बागेत गेल्यावरच हे का विसरतोस?

तुझा राग काही अंशी खरा आहे, तेवढं मान्य करते. अमेरिकेत न्यू हॅम्पशरमध्ये १९०७ साली सुरू झालेल्या मॅकडॉवेल या रेसिडेन्सीमध्ये दुपारच्या जेवणाची टोपली स्टुडिओच्या दाराशी ठेवून जातात, कलाकाराला जेवायलासुद्धा काम सोडून उठावं लागू नये म्हणून. ती एक रीत. इंग्लंडमध्ये १९७१ साली 'वूफ' सुरू झालं ते शहरातल्या माणसांनी शनिवार-रविवार सेंद्रिय शेतावर राबावं म्हणून: कामाच्या बदल्यात जेवण आणि निवारा. तीही सरळ रीत. तू जातोयस ती जागा या दोहोंच्या मधली आहे, आणि मधल्या जागी फसवणूक सोपी असते. म्हणून जाण्याआधी लेखी विचार: तास किती, कोणत्या वेळी, पावसात काय, सुट्टी कधी, स्वयंपाक आणि झाडलोट या चार तासांत धरली आहे की वेगळी. बाग सहा तास आणि वर भांडी असं उत्तर आलं तर ती रेसिडेन्सी नव्हे, मजुरी आहे. जाऊ नकोस. चार तास असतील तर मात्र ते पूर्ण दे. त्यात चोरी करायची नाही.

आता एकाच बागेला धरून राहिलेल्या डेरेक जार्मनविषयी. चित्रकार होता, चित्रपट करायचा. १९८६च्या शेवटी एचआयव्हीचं निदान झालं, आणि त्याच सुमारास त्याने डंजनेसला, इंग्लंडच्या किनाऱ्यावर, लाकडी घर घेतलं. आजूबाजूला गोटेच गोटे, खारं वारं, मागे अणुवीज केंद्र. तिथे त्याने कुंपण न घालता बाग केली, गोट्यांत खड्डे करून, वाहून आलेली लाकडं रोवून. १९९४मध्ये गेला तोवर ती एकच बाग. २०२०मध्ये लोकांनी पैसे जमवून ते घर वाचवलं. दुसरी, सुपीक जमीन त्याला मिळाली नसती असं थोडंच आहे? त्याला ती नको होती, असं मला वाटतं.

दुसऱ्या खेपेला मी शहाणी झाले होते. एकच वाफा मागितला, रोपं लावली, संध्याकाळच्या उन्हात, मुळांना माती दाबून, झारीने पाणी घालून. आणि नवव्या दिवशी एका समारंभाचं बोलावणं आलं म्हणून पाच दिवस आधी निघून आले. दोन तासांचा समारंभ. निघताना वाफ्याचं कुणाला सांगितलं नाही. नवीन लावलेल्या रोपाला पहिला आठवडा पाणी चुकवून चालत नाही, हे मला ठाऊक होतं. महिन्याभराने तिथे राहिलेल्या एका मैत्रिणीने सहज सांगितलं की त्या कोपऱ्यात काहीच आलं नाही. ती सहज बोलली. मी फोन ठेवला आणि खूप वेळ काहीच करू शकले नाही.

तेव्हापासून मी एकाच बागेत जाते. अकरा वर्षं, दरवर्षी दोन आठवडे, तीच जागा. मोठमोठ्या ठिकाणची बोलावणी नाकारली. या काळात तीन पुस्तकं झाली, तिन्ही बारीक. माझ्याबरोबरीच्यांची सात-आठ झाली. मला तोंडावर म्हणतात की बागेनं तुझी पुस्तकं खाल्ली. नाही खाल्ली. जी झाली नाहीत ती त्या चाळीस पानांसारखी असती. हे मी त्यांना दहादा सांगितलंय, तुलाही सांगते, आणि तुला पटलं नाही तरी मी माझं म्हणणं बदलणार नाही. एक जागा, पुन्हापुन्हा. मला दुसरं काही येत नाही आणि शिकायचंही नाही.

तुझ्या हातांची काळजी वाटते ती वेगळी. पहिले तीन दिवस खुरप्याने अंगठा सुजेल, कोरणी धरताना थरथरेल. त्या दिवसांत बारीक कोरीवकाम काढू नकोस. नुसती रेखाटनं कर, जाड कोळशाने. हातमोजे घाल, फोड फोडू नकोस. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंस ते आईला विचार. दहा वर्षं उलटली असतील तर जाण्याआधी घे. बागेची पाळी पहाटेची माग, म्हणजे दिवस तुझा राहील. आणि वाफ्यावर बसून चित्र काढू नकोस रे. चार तास हात मातीतच असू देत. चित्र दुपारी, न बघता.

निघण्याच्या आदल्या दिवशी पुढच्या माणसाला वाफा दाखव. काय पेरलंय, कधी, कुठे अजून उगवलेलं नाही, हे कागदावर लिहून दे.

आजच त्यांना कळव की तुला एकच वाफा हवा आहे. कुठला असं विचारलं तर नळापासून सर्वांत लांबचा माग. जवळच्या वाफ्यांना जाता-येता कुणीही पाणी घालतं. लांबच्याला तूच.

तुझी,
ताई