मित्र पिस्तूल घेऊन बारमध्ये येतो. दारावरचं लाल ५१ म्हणजे काय, आणि गाडी मी चालवत असेन तर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही डॅलसजवळ एच-वन-बीवर आहात. तुमचा मित्र ग्रीन कार्डवर आहे आणि त्याच्या कमरेला शर्टाखाली पिस्तूल असतं. शुक्रवारी सगळे बीअर प्यायला जाता. "टेक्सासमध्ये आता परवाना लागत नाही" असं तो म्हणतो. दारावर लाल ५१ची पाटी दिसली की पिस्तूल गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकतो आणि आत येतो. तुम्ही पीत नाही, म्हणून परत येताना त्याची गाडी तुम्ही चालवता. यात काही चुकतंय का?

चुकतंय, आणि जास्त धोका तुम्हाला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी याच भागात बरीच वर्षं राहतोय. आधी एच-वन-बीवर होतो, मग ग्रीन कार्ड आलं, त्यानंतर मी एलटीसी, म्हणजे टेक्सासचा बंदूक बाळगण्याचा परवाना काढला.

आधी ती पाटी. टेक्सासमध्ये ज्या जागेचं ५१ टक्के किंवा त्याहून जास्त उत्पन्न तिथेच बसून प्यायच्या दारूतून येतं, तिथे बंदूक नेता येत नाही. परवाना असो वा नसो. ही टक्केवारी राज्याचं दारू खातं, टीएबीसी, ठरवतं. अशा जागेला दारावर इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत पाटी लावावी लागते आणि तिच्यावर ५१ हा आकडा लाल रंगात, किमान पाच इंच उंच असावा लागतो. जागा बघून अंदाज बांधू नका. मुलांच्या खुर्च्या आहेत, बर्गर मिळतोय, टीव्हीवर मॅच चालू आहे, तरी हिशेबात दारू जड असू शकते. उलट मोठा बार काउंटर असलेलं एखादं मेक्सिकन रेस्टॉरंट जेवणावरच चालत असतं. टीएबीसीच्या संकेतस्थळावर दुकानाचं नाव टाकलं की त्याची पाटी लाल की निळी ते दिसतं. निळी म्हणजे दारू मिळते, पण ५१च्या आत. घरून निघण्याआधी दोन मिनिटांत बघून होतं.

लाल पाटीच्या आत बंदूक घेऊन सापडणं हा तिसऱ्या दर्जाचा गंभीर गुन्हा आहे. शिक्षा दोन ते दहा वर्षं, शिवाय दहा हजार डॉलरपर्यंत दंड. पाटीच लावलेली नसेल तर परवानाधारकाला कायद्यानं बचाव दिलाय, पण तो बचाव कोर्टात मांडायचा असतो. तोवर अटक झालेली असते, वकील लावलेला असतो.

आता "परवाना लागत नाही" या वाक्याबद्दल. १ सप्टेंबर २०२१पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या, बंदूक ठेवायला कायद्यानं अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते, हे खरं. पण या कायद्यानं "कोण" हा प्रश्न सैल केला, "कुठे" हा नाही. लाल पाटी होती तिथेच आहे. उलट परवाना नसलेल्यांना अडवणारी आणखी एक पाटी त्यात आली, टेक्सासच्या दंडसंहितेतल्या कलम ३०.०५ची. परवानाधारकानं लपवून आणू नये यासाठी ३०.०६, उघड आणू नये यासाठी ३०.०७. जेवणाच्या साध्या ठिकाणी या पाट्या मालक आपल्या मर्जीनं लावतो. त्या पाहूनही आत गेलं तर सुरुवातीला दोनशे डॉलरपर्यंत दंडाचा किरकोळ गुन्हा. मालकानं तोंडी सांगूनही निघाला नाहीत तर मात्र प्रकरण वाढतं.

आणि पिणं? टेक्सासमध्ये बंदूक कमरेला असताना साध्या रेस्टॉरंटमध्ये एक बीअर घेतली म्हणून लगेच गुन्हा होत नाही. नशेत बाळगणं हा गुन्हा आहे. नशा म्हणजे रक्तात ०.०८ टक्के अल्कोहोल किंवा त्याआधीच शरीर-मन नेहमीसारखं ताब्यात नसणं. ही दुसरी व्याख्या लोक विसरतात. दोन बीअरनंतर आपण ताब्यात आहोत की नाही, हे ठरवणारा माणूस स्वतः दोन बीअर प्यायलेला असतो. माझ्या मते कायद्याची ही बाजू फार ढिली आहे. आमच्या घरचा नियम साधा आहे: ज्या संध्याकाळी ग्लास हातात येणार, त्या संध्याकाळी पिस्तूल तिजोरीतून बाहेर निघत नाही.

इथल्या लोकांना बंदूक गाडीत ठेवून जेवायला जाणं का सलतं, तेही सांगतो. १६ ऑक्टोबर १९९१ला किलीन गावातल्या लुबीज कॅफेटेरियात एका माणसानं काचेतून पिकअप ट्रक आत घुसवला आणि गोळ्या झाडत २३ जणांना मारलं. सुझाना ग्रेशिया हप आईवडिलांबरोबर तिथे जेवत होत्या. त्यांच्याकडे रिव्हॉल्व्हर होतं, पण तेव्हाच्या कायद्यानं ते पर्समध्ये बाळगता येत नव्हतं. त्या कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणक्यावर हातानं उपचार करणाऱ्या, होत्या. व्यवसायाचा परवाना जाईल या भीतीनं त्यांनी ते बाहेर गाडीत ठेवलं होतं. त्यांनी पर्सकडे हात नेला आणि त्यांना आठवलं. आई आणि वडील दोघंही त्या दिवशी गेले. पुढे त्या साक्ष देत राज्यभर, देशभर फिरल्या. १९९५मध्ये गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सहीनं टेक्सासमध्ये परवान्यानं बंदूक लपवून बाळगायचा कायदा आला, आणि १९९६मध्ये हप स्वतः विधिमंडळात निवडून आल्या. त्यामुळे तुमचा मित्र "गाडीत ठेवून काय उपयोग" म्हणाला तर तो उगाच काहीतरी बोलतोय असं समजू नका. त्या वाक्यामागे एका मुलीचं दुःख आहे. मला ते समजतं. तरीही दारूच्या अड्ड्याच्या दारावरची ती लाल पाटी मला योग्यच वाटते.

आता तुमच्याबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न इथेच आहे.

केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, पर्यटक सगळे त्यात आले. तुमच्या पत्नी एच-फोरवर असतील तर त्याही. टेक्सासनं परवान्याची सक्ती काढून टाकली म्हणून यात काडीचाही फरक पडत नाही. शिक्षा पूर्वी दहा वर्षांपर्यंत होती, २०२२पासून पंधरा वर्षांपर्यंत आहे. शिकारीचा परवाना असला की चालतं असं कुणीतरी नक्की सांगेल. तो अपवाद कायद्यात खरंच आहे. पण तो परवाना आज तुमच्या खिशात नाही, आणि शुक्रवारी रात्रीच्या भरवशासाठी तो काढू नका.

"बाळगणं" म्हणजे हातात धरणं एवढंच नव्हे. बंदूक कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे आणि ती तुमच्या ताब्यात आहे, एवढं सरकारी वकिलाला पुरू शकतं. त्याच्या गाडीची किल्ली तुमच्या खिशात, तुम्ही स्टिअरिंगवर, मित्र मागच्या सीटवर झोपलेला, आणि हाताच्या अंतरावर ग्लोव्ह बॉक्स. तुम्ही तर इथे लिहूनच दिलंय की त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत असतं.

माझ्यावर हीच वेळ आली होती. आम्ही सात-आठ जण एका ब्रुअरीच्या पार्किंगमध्ये उतरलो. मित्राला दारावरचं लाल ५१ दिसलं तसा तो परत फिरला. ग्लोव्ह बॉक्सचं कुलूप बिघडलेलं होतं. त्यानं पट्ट्यातून काळ्या नायलॉनचं होल्स्टर सोडवलं, पिस्तूल आतच, आणि माझ्यापुढे धरलं. "तू नाहीतरी पीत नाहीस. बस गाडीत, धर हे." मी हात पुढे केलाही होता. होल्स्टरच्या कडेची शिवण उसवलेली होती, ती आजही डोळ्यांसमोर आहे. ग्रुपमधले एक काका पलीकडून ओरडले, "अरे, त्याच्या हातात देऊ नकोस! व्हिसावर आहे तो." मी हात मागे घेतला. त्या क्षणी मला त्यांचा रागच आला होता, चारचौघांत असं ओरडायचं कशाला म्हणून. मग त्यांनीच मला बाजूला घेऊन सगळं समजावलं. त्या रात्री आम्ही ब्रुअरीत गेलोच नाही. मित्र पिस्तूल ठेवायला घरी गेला आणि बाकीचे काकांकडे पिठलं-भात जेवलो. ते काका आता भारतात परत गेलेत. दर दिवाळीला फोन करतो तेव्हा मला हे आठवतं.

तुमच्या मित्रालाही एक गोष्ट सांगा, कारण ती ग्रीन कार्डवाल्यांना बहुधा कुणी सांगत नाही. बंदूक बेकायदा बाळगल्याबद्दल दोषी ठरणं हे देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहे. ग्रीन कार्ड असलं तरी. जन्मानं अमेरिकन असलेला त्याचा शेजारी लाल पाटीच्या आत चुकला तर शिक्षा भोगून घरी येईल. तुमच्या मित्राचं घर, मुलांची शाळा, सगळंच पणाला लागेल.

दुसऱ्या राज्यांत जाणार असाल तर टेक्सासचं गणित इथेच ठेवून जा. व्हर्जिनियात परवानाधारक लपवलेली बंदूक घेऊन रेस्टॉरंटमध्ये जाऊ शकतो, पण तिथे एक घोटही प्यायला तर गुन्हा. अ‍ॅरिझोनात एरवी परवाना लागत नाही, पण बारमध्ये न्यायची तर लागतो, आणि पिता येत नाही. फ्लोरिडात एकाच छताखाली रेषा पडते. जेवणाच्या टेबलावर चालतं, पण मुख्यतः पिण्यासाठी असलेल्या बारच्या भागात नाही. इलिनॉयमध्ये मागच्या तीन महिन्यांची निम्म्याहून जास्त कमाई दारूची असेल तर बंदी. न्यूयॉर्कनं २०२२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नवा कायदा केला आणि बसून दारू प्यायचा परवाना असलेली प्रत्येक जागा बंदुकीसाठी बंद केली, मग तिथे तुम्ही फक्त डोसा खायला गेलात तरी. टेक्सासचा परवाना तिथे चालतच नाही. हे सगळं मित्रासाठी लिहिलं. तुम्हाला लागू असलेला केंद्राचा नियम पन्नासही राज्यांत तोच आहे.

मग येत्या शुक्रवारी काय करायचं? मित्राशी आजच बोला, पार्किंगमध्ये नको. पिस्तूल त्याच्या घरी, कुलपात राहू दे. गाडीत ठेवणं टेक्सासमध्ये बेकायदा नाही, लाल पाटीची बंदी इमारतीपुरती आहे, पार्किंगला नाही. पण काच फोडून बंदुका चोरीला जातात आणि मग ती कुणाच्या हातात पडते ते कुणालाच कळत नाही. तो ऐकणार नसेल तर त्याच्या गाडीची किल्ली हातात घेऊ नका. आणि पोलिसांनी आधीच कधी गाडी थांबवली असेल, नावं लिहून घेतली असतील, तर इथे त्याबद्दल एक शब्दही लिहू नका. इमिग्रेशन आणि फौजदारी दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला तासाचे पैसे देऊन भेटा.

तुमची स्वतःची गाडी असेलच. शुक्रवारी ती न्या, आणि सगळ्यांना तिच्यातूनच घरी सोडा.