वाचकांचे प्रश्न : घरी जोडलेल्या गाडीचे इंजिन

प्रश्न : लोटस सेव्हन या हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या धर्तीची, पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना गती देणारी दोन आसनी गाडी मी अंगणात जोडत आहे. इंजिन स्विफ्टचे घ्यावे की जिप्सीचे? सायलेन्सरची नळी जाड असल्यास ताकद वाढते का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : माझे मत जिप्सी किंगच्या १२९८ सीसी इंजिनाच्या बाजूने आहे. त्याची ८० अश्वशक्ती कागदावर फारशी वाटत नसली, तरी हलक्या गाडीला ती पुरते. शिवाय ते उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसत असून त्याचा ट्रान्स्फर केस (पुढच्या व मागच्या चाकांना गती वाटून देणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळा असल्याने, तो काढून टाकल्यावर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे गती पोहोचवणारा दांडा, सरळ मागे नेता येतो. स्विफ्टचे इंजिन गाडीच्या रुंदीत आडवे बसते, त्यामुळे गिअरबॉक्ससकट सगळी मांडणी बदलावी लागेल. खरेदीपूर्वी मात्र इंजिनाखालच्या वंगण तेलाच्या टाकीची खोली गाडीच्या चौकटीत मोजून पाहा.

नळीबाबतचा समज चुकीचा आहे. ती गरजेपेक्षा जाड असली की धुराचा वेग मंदावतो आणि इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरचा जोर घटतो, आवाज तेवढा वाढतो. शहरात चालवायची असल्यास इंजिनातून निघणाऱ्या चार नळ्यांच्या दोन व दोनाची एक होणारी नळी घ्यावी. ती दाराशेजारून जाणार असेल, तर वर जाळीचे आच्छादन हवेच. नाहीतर उतरताना पोटरी भाजते. नोंदणीबद्दल आरटीओत आधीच विचारावे.