देशी बियाण्यांच्या कामात मुलीचे भविष्य आहे का?

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. निफाड तालुक्यातून आलेले आपले पत्र काळजीपूर्वक वाचले. आपल्या मुलीने जीवशास्त्र घेऊन बारावी पूर्ण केली आहे. तिला कृषी पदवी घेऊन सेंद्रिय शेतीचे आणि देशी बियाण्यांच्या जतनाचे काम करायचे आहे, तर तिच्या वडिलांना तिने फार्मसीला जावे असे वाटते. शिवाय घरची दोन एकर द्राक्षबाग यंदापासूनच रसायनमुक्त करावी, असा तिचा आग्रह आहे आणि वडील त्याला तयार नाहीत. ‘शेतीतून बाहेर पडावी म्हणून शिकवली आणि ती पुन्हा शेतीतच निघाली,’ असे आपण लिहिले आहे. त्यामागची काळजी मी समजू शकतो. माझे मत आधीच सांगतो: शिक्षणाच्या बाबतीत मुलीला पाठिंबा द्यावा आणि बागेच्या बाबतीत तिच्या वडिलांचे ऐकावे.

आपण विचारता की ही चार दिवसांची लाट आहे का. तसे दिसत नाही. युरोपीय संघाने २०३० पर्यंत आपली २५ टक्के शेतजमीन सेंद्रिय करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, सिक्कीम २०१६ मध्ये देशातील पहिले पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झाले आणि सेंद्रिय उत्पादकांच्या संख्येत भारत जगात आघाडीवर आहे. मात्र याच प्रवासातील श्रीलंकेचा अनुभवही मुलीने वाचावा. तेथील सरकारने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातली, भाताचे उत्पादन घसरले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बंदी मागे घ्यावी लागली. दिशा चुकीची नव्हती. पूर्वतयारीविना एका हंगामात सगळे बदलण्याची घाई चुकीची होती.

आपल्या बागेलाही हेच लागू पडते. फळांसाठीच्या गोडी छाटणीनंतर पाऊस लांबला की केवडा हा बुरशीजन्य रोग कसा झपाट्याने पसरतो, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही. सेंद्रिय प्रमाणीकरणात हंगामी पिकांना साधारण दोन वर्षांचा आणि द्राक्षासारख्या बहुवर्षीय पिकांना तीन वर्षांचा रूपांतर काळ, म्हणजे रसायने बंद केल्यापासून प्रमाणपत्र मिळेपर्यंतचा काळ, असतो. या काळात उत्पादन घटू शकते आणि सेंद्रिय मालाचा भावही मिळत नाही. कर्ज असलेल्या बागेवर हा प्रयोग करू नये. प्रयोगासाठी द्राक्षाबाहेरच्या जमिनीतील पाच-दहा गुंठे पुरेसे आहेत.

मुलीला एक भेद स्पष्ट माहीत असावा. ‘सेंद्रिय’ या शब्दामागे लेखी मानके, तपासणी आणि प्रमाणपत्र असते. ‘पुनरुज्जीवनशील’ शेतीची अशी एकच सर्वमान्य व्याख्या अजून नाही, तिचा भर जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढवणे, माती कायम झाकलेली ठेवणे आणि नांगरट कमी करणे यांवर आहे. नोकरीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण जेथे मानक असते तेथे ते तपासणारा प्रशिक्षित माणूस लागतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाच्या फळांत उरलेल्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडली, हे तिच्या वडिलांना आठवत असेल. अंश तपासणी आणि मालाचा माग ठेवणे ही कामे किती मोलाची आहेत, हे तेव्हा सर्वांच्या लक्षात आले.

आता बियाण्यांकडे वळतो, कारण मुलीची खरी ओढ तेथे आहे आणि माझ्या मते तिची खरी संधीही तेथेच आहे. बियाणे जपणे म्हणजे वाण डब्यात भरून ठेवणे नव्हे. निफाडमध्ये अनेक घरांत कांद्याचे घरगुती बी धरले जाते, आणि त्या एका कामात किती शास्त्र आहे हे तिने पाहावे. जोड नसलेले, बारीक मानेचे, एकसारख्या रंगाचे कांदे निवडून डोंगळे, म्हणजे बियाण्यासाठीचे कांदे, लावावे लागतात. कांदा हे परपरागीभवन होणारे पीक असल्याने शेजारच्या शेतात दुसऱ्या वाणाचे डोंगळे असतील तर मधमाश्या दोन्हींचे पराग मिसळतात. म्हणून शेतकऱ्यांना विकल्या जाणाऱ्या प्रमाणित बियाण्यासाठी ५०० मीटर आणि ते ज्यापासून तयार होते त्या पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर विलगीकरण अंतर, म्हणजे दुसऱ्या वाणापासूनचे अंतर, सांगितले आहे. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारले तर मधमाश्या मरतात आणि फुलांचे गोंडे पोचट राहतात. तयार झालेल्या बियाची उगवणशक्ती साध्या साठवणीत वर्षभरातच झपाट्याने घटते, आणि प्रमाणित बियाण्याला ती किमान ७० टक्के असावी लागते. याउलट गहू, हरभरा, मूग ही स्वतःच्याच परागाने फळणारी, स्वपरागीभवनाची पिके असल्याने त्यांचे वाण शुद्ध राखणे बरेच सोपे असते. संकरित वाणाचे बी धरले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. संकरित नसलेल्या सरळ वाणाचे बी मात्र वर्षानुवर्षे धरता येते. देशी वाणांविषयी कळकळीने बोलणारे पुष्कळ भेटतात. हे सारे जाणून नोंदी ठेवणारे फार थोडे आहेत, आणि उणीव त्यांचीच आहे.

आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, कोंभाळणे येथे, राहीबाई पोपेरे यांनी शाळेत न जाता शंभराहून अधिक देशी वाण जपले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याविषयी मला अतिशय आदर आहे. त्यांच्यासारख्यांच्या संग्रहातील वाणांची लक्षणे शास्त्रीय पद्धतीने नोंदवणे, उगवण तपासणे आणि २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याच्या नावे वाणाची नोंदणी करून देणे, हे काम शिकलेल्या मुलीला करता येईल. या कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि व्यापारी नाममुद्रेविना विकण्याचा हक्क दिला आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातील नागली आणि वरईच्या वाणांसाठी असे काम आपल्याच जिल्ह्यात उभे राहू शकते.

त्यासाठी चार वर्षांची बी.एस्सी. कृषी पदवी घ्यावी. नाशिक हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते. पुढे बीजशास्त्र किंवा वनस्पती प्रजननशास्त्रात एम.एस्सी. केल्यास जालन्यासारख्या बियाणे उद्योगाच्या केंद्रात, प्रमाणीकरण संस्थांमध्ये, शेतकरी उत्पादक कंपन्यांमध्ये आणि संशोधनात वाट मिळते. केवळ बियाणे जतनाच्या संस्थांमध्ये जागा थोड्या आणि सुरुवातीचे मानधन बेताचे असते, हे तिने आधीच स्वीकारावे. त्याच पदवीवर लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवा परीक्षा आणि बँकांमधील कृषी क्षेत्र अधिकारी पदांचा मार्गही खुला राहतो, ही गोष्ट वडिलांना आवर्जून सांगावी.

फार्मसी आणि कृषी या दोन्हींच्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे गुण धरले जातात, अर्ज मात्र वेगवेगळे असतात. त्यामुळे दोन्ही अर्ज मुदतीत भरावेत आणि कोणते महाविद्यालय मिळते ते पाहून निर्णय घ्यावा. तोवर मुलीला पाच गुंठे द्यावेत आणि येत्या रब्बीत तेथे हरभऱ्याचा किंवा गव्हाचा एक देशी वाण पेरून पेरणीची तारीख, उगवण, फुलोरा आणि उत्पादन यांची वही ठेवण्यास सांगावे. ती वही वडिलांनी दर आठवड्याला तिच्यासोबत बसून पाहावी.

आपला,
करिअर मार्गदर्शक, नाशिक