मंगळवारचे पेढे

“सुटून आली, मॅडम. पण अजून तिथलंच बोलते. हिला विसरायला सांगा.”

हे मी इतक्यांदा ऐकलंय की कुणी ‘सुटून’ एवढं म्हणालं तरी पुढचं मला पाठ असतं. कधी नवरा म्हणतो, कधी भाऊ. एकीला तर शेजारीणच घेऊन आली होती, घरचं कुणी यायला तयार नव्हतं म्हणून. मी समुपदेशक. ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या लहानशा खोलीत तुरुंगातून सुटलेल्या अशा बायका यायला लागल्या त्या ओळखीच्या एका वकीलबाईंमुळे. त्यांनी एकीला पाठवलं, तिने दुसरीला, असं होत गेलं. माझं एक निरीक्षण सांगते, पटलं तर बघा: पुरुष सुटून आला की घरात मटण शिजतं, बाई सुटून आली की घरचे दार लोटून घेतात.

सुनंदाची गोष्ट सांगते. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. कळव्याची, वय ३८. गुंतवणुकीच्या एका खासगी कार्यालयात पावत्या फाडायची. मालक लोकांचे पैसे घेऊन पसार झाला, पावत्यांवर सही हिची. १४ महिने आत काढून जामिनावर आली. खटला अजून उभा आहे, तारखा चालूच आहेत.

पहिल्या भेटीत सगळं सासूबाईच बोलल्या. सुनंदा पिशवीच्या बंदाला गाठी मारत होती आणि सोडत होती. “संध्याकाळचे साडेपाच वाजले की हातातलं काम टाकती आणि पलंगावर जाऊन बसती. बाथरूमला आतून कडी लावत न्हाई. साबणाच्या चिपट्या डब्यात भरून ठेवती. स्वतःच्या घरात पाणी प्यायला मला विचारती! आन् दर मंगळवारी जाती कुठं, तर त्याच जेलच्या दाराशी. कैद्यांना भेटायच्या, मुलाखतीच्या रांगेतल्या बायांचे फॉर्म भरून देती. सुटलीस ना बाई? मग आता तिथं काय ठेवलंय?”

साडेपाचचं आधी सांगते, कारण बहुतेक घरांना हेच सर्वांत जास्त घाबरवतं. कारागृहात संध्याकाळी मोजणी होते आणि बराकीला कुलूप लागतं. आतल्या बोलीत त्याला ‘बंदी’ म्हणतात. वर्षभर रोज अंगात भिनलेली ती वेळ जामिनाच्या कागदाने निघून जात नाही. ती वेडी होत चाललेली नाही. तिला हलवून उठवू नका, पोरांसमोर हसू नका. त्याच वेळी एखादं दाराबाहेरचं काम सोबतीने करा, भाजी आणा, गच्चीवर कपडे काढायला जा. सुनंदाला यातून बाहेर यायला पाच महिने लागले.

आता माझ्या चुकीकडे येते. माझी जडणघडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारांत झाली. माणसाच्या वाक्यातला ‘च’ शोधायची मला सवय आहे. ‘असं व्हायलाच हवं’, ‘मी हे केलंच पाहिजे’ यातला तो ‘च’ सैल झाला की अर्धं दुखणं हलकं होतं, हा माझा २२ वर्षांचा अनुभव आहे आणि त्याचा थोडा अभिमानही आहे. सुनंदा म्हणाली, “मला मंगळवारी जायलाच लागतं.” मला माझा ‘च’ सापडला! मी तिला तीन महिने मंगळवार बंद ठेवायला सांगितलं. सासूबाईंनी माझ्याकडे कृतज्ञतेने पाहिलं, तेव्हाच खरं तर मला शंका यायला हवी होती.

दोन आठवड्यांनी ती आली तेव्हा केस विंचरलेले नव्हते. बराच वेळ गप्प बसली आणि मग शांतपणे म्हणाली, “मॅडम, तुम्हीपण बंदी केलीत.”

त्या रात्री मी आधीच्या भेटींच्या नोंदी काढून वाचल्या. ‘च’ शोधण्याच्या नादात एक साधा शब्द माझ्या कानावरून गेला होता. घरातलं सांगताना सुनंदा ‘मी’ म्हणायची. तुरुंगातलं सांगताना ‘आम्ही’. “आम्ही चपात्या लाटायचो.” “आम्हाला तारखेवर न्यायला पोलीसच नसायचे.” बाहेर येऊन चार महिने झाले होते, पण घरच्यांसाठी तिच्या तोंडून एकदाही ‘आपण’ आलं नव्हतं. आपल्या भाषेत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटलं की आत येतो. तिचं ‘आम्ही’ त्या बराकीत राहिलं होतं आणि इथे घरात ती एकटी होती. तिला विसरायला लावणं म्हणजे तिचा होता नव्हता तेवढा गोतावळाही काढून घेणं.

पुढच्या वेळी मी फक्त विचारलं, “आत तुम्ही काय करायचात?”

“अर्ज लिहायचे,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा ताठ बसली. दहावी शिकलेली, अक्षर वळणदार. बराकीत निम्म्या बायकांना सही येत नव्हती. कुणाला वकील बदलून हवा, कुणाला आजारी आईला भेटायला रजा, कुणाची चार महिने तारीखच पडलेली नाही. रात्री दिव्याखाली हिचं कार्यालय चालायचं. मोबदल्यात कुणी केसांना तेल लावून द्यायचं, कुणी बिस्किटाचा पुडा द्यायचं. कोपरखैरण्यात धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींवर दागिन्यांच्या चोरीचा आळ होता. जामीन मंजूर होऊन सात महिने झाले तरी त्या आतच होत्या, कारण १५,००० रुपयांचा जामीनदार उभा करायला त्यांना या मुलखात कुणी नव्हतं. सुनंदाने त्यांच्यासाठी अट शिथिल करण्याचा अर्ज लिहिला. तो पुढे गेला की नाही हे कळायच्या आधीच हिची सुटका झाली. निघताना मावशींनी पदर धरला. “माझा कागद लक्षात ठेव गं.”

“आणि मी घरी येऊन तीन महिने नुसती झोपले, मॅडम. नंतर गेटपर्यंत जायला लागले, पण विचारायचा धीर होत नाही. रांगेत दुसऱ्यांचे फॉर्म भरून परत येते.”

मी तिला अपराधी वाटू नये म्हणून काहीही समजावलं नाही. वचन मोडलंय असं ज्याला वाटतं, त्याला ‘तुझी काय चूक’ म्हणणं म्हणजे त्या वचनाचीही किंमत न ठेवणं. मी म्हटलं, “मावशींचा कागद कुठे आहे ते शोधू या.” पण त्याआधी सासूबाईंना पुन्हा बोलावलं. हे घर १४ महिने त्यांनी ओढलं होतं आणि त्यांना त्याबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

“आई, मुलाखतीला किती वेळा गेलात?”

“५७ मंगळवार,” त्या फटकन म्हणाल्या. मग सुनेकडे न बघता, “तीन चुकले. दोनदा ताप होता, एकदा लोकल बंद होत्या.”

“शेजारी काय सांगायचात?”

“टिटवाळ्याला जाती म्हणायचे, गणपतीला. मंगळवार म्हणून कुणाला शंका न्हाई. पण परत आलं की बाया प्रसाद मागायच्या ना! मग ठेसनाबाहेरनं पेढे घ्यायचे पाव किलो आन् वाटायचे चाळीत.”

सुनंदाने मान वर केली. “आई… म्हणजे आख्खी चाळ माझ्या जेलचा प्रसाद खात होती?”

सासूबाईंचा चेहरा क्षणभर कसनुसा झाला आणि मग त्यांना जे हसू फुटलं, ते दोघींना आवरेना. हसता हसता त्या रडायला लागल्या, मग सुनंदा. मी पाण्याचे पेले पुढे सरकवले आणि गप्प बसले. गप्प बसणं हे आमच्या कामातलं सर्वांत अवघड कौशल्य, आणि त्या दिवशी ते मला जमलं.

मंगळवार एकट्या सुनंदाचा नव्हता. दोघींनी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना ५७ मंगळवार काढले होते आणि घरात त्याबद्दल एक अक्षर बोललं जात नव्हतं. ‘हिला विसरायला सांगा’ याचा अर्थ ‘मला विसरायचंय’ असाही असतो. हे वाक्य घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आता मी आधी त्यांचेच मंगळवार विचारते.

मावशींच्या कागदासाठी सुनंदा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेली. सोबत सासूबाई. इथे थोडं कायद्याचं सांगते, कारण समुपदेशकाने फक्त मनाचं बोलावं हे मला मान्य नाही. निम्मी काळजी ठाऊक नसल्यामुळे असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला आणि कोठडीतल्या कोणत्याही व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १५१०० ही त्यांची हेल्पलाइन. जामीन मंजूर होऊन ७ दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिना उलटला तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं, असे सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३चे निर्देश आहेत. स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये अशी सूचनाही त्यात आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं की पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने, म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही त्याने, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले यातून वगळलेत. हे सगळं कागदावर आहे. कागद पुढे सरकवायला कुणीतरी लागतं.

सासूबाईंना वाटत होतं, हे असले उद्योग फक्त आपलीच सून करते. मी त्यांना शीला बारसे यांची गोष्ट सांगितली. या पत्रकार बाईंनी १९८२मध्ये मुंबईच्या कारागृहात १५ स्त्री कैद्यांशी बोलून घेतलं. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि १९८३च्या निकालाने स्त्रियांची कोठडी वेगळी हवी, तिथे पहारा महिला पोलिसांचा हवा, हे ठरलं. त्या १५ जणी बोलल्या नसत्या तर पत्रात लिहायला काय होतं? २०१७मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका बंदिनीचा मृत्यू झाला, तेव्हाही फिर्याद दिली ती आतल्याच एका बाईने. आता तर शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांनाच प्रशिक्षण देऊन कारागृहातल्या विधी मदत केंद्रात विधी स्वयंसेवक म्हणून बसवतात. सुनंदा रात्री दिव्याखाली जे करत होती, तेच.

“म्हंजे ही नोकरी हाय होय!” सासूबाई म्हणाल्या. पगार नाही हे मी सांगितलं नाही.

त्यानंतरच्या भेटीला दोघी आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्याने. मावशी दोन महिन्यांपूर्वीच सुटल्या होत्या. सुनंदाने लिहिलेल्याच अर्जावर अट सैल झाली होती. मला वाटलं, झालं, ओझं उतरलं. मी तसं बोलूनही दाखवलं. सुनंदा मात्र जमिनीकडे बघत म्हणाली, “न्यायला कोण आलं असेल त्यांना? संध्याकाळी सोडतात. त्यांना लोकलची पाटीही वाचता येत नाही.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. मग सासूबाई, जरा चिडूनच, “कळवायला नको का कुणी? आपल्याकडं आणली असती की चार दिवस.”

आपल्याकडं. सुनंदाने त्यांच्याकडे वळून पाहिलं. मी माझ्या वहीत तो एकच शब्द लिहिला, खाली दोन रेघा मारल्या.

मंगळवार चालू राहिला, पण त्याला कुंपण घातलं. महिन्यातून दोन, दुपारी दोनच्या आत घरी, कुणाला स्वतःच्या खिशातून पैसे द्यायचे नाहीत, स्वतःच्या तारखेच्या आदल्या दिवशी जायचं नाही. अशा मदतीत बाई स्वतःला बुडवूनही घेऊ शकते. ओळखायची माझी खूण साधी आहे: तिथून आल्यावर ती जेवते का? जेवत असेल तर ते काम आहे. उपाशी झोपत असेल तर ती स्वतःला शिक्षा देतेय, आणि मग थांबवायला हवं.

मुलांचं थोडक्यात. ‘आई सुरतेला कामाला गेली’ असं सांगितलं होतं. धाकट्याला आम्ही त्याच्या वयाला पेलेल एवढं खरं सांगायचं ठरवलं. थोरलीला, वय १३, सांगायला सुनंदा बसली तर ती म्हणाली, “मला माहितीये. मी मोबाइलवर तुझं नाव टाकून केस बघायचे. पुढची तारीख मला आज्जीच्या आधी कळायची.” वर्षभर ती लेकरू एकटं तारखा मोजत होतं. लपवल्याने मुलं वाचतात असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हे सांगते.

मावशी अजून सापडलेल्या नाहीत. सुनंदाच्या वहीत त्यांचं नाव पहिल्या पानावर आहे. साबणाच्या चिपट्यांचा डबा सासूबाईंनी एकदा टाकायला काढला होता, मग तसाच परत ठेवला. बाथरूमला सुनंदा अजूनही आतून कडी लावत नाही. घरच्यांनी बाहेरून पडदा लावलाय.