कोणता विषय सोडायचा, ते आधी ठरव

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. तीनच विषय घेऊन त्यांत मुरावं की सहा घेऊन चहूकडे नजर ठेवावी, यावरून घरात दोन तट पडलेत आणि तुझी झोप उडाली आहे. एकीकडून ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ऐकावं लागतं, दुसरीकडून ‘कूपमंडूक होशील’. हा वाद जगातही मिटलेला नाही. इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत, बहुतेक मुलं तीनच विषय घेतात. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या त्याच टप्प्याच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात सहा असतात, पण त्यांतलेही साधारण तीनच वरच्या पातळीचे. दोन्हीकडची मुलं विद्यापीठात जातात आणि टिकतात. तेव्हा आकड्यात अडकू नकोस.

काय घ्यायचं यापेक्षा काय सोडायचं, ते आधी बघ. काही विषय आज सोडले तरी उद्या त्यांच्याकडे परतता येतं. मानसशास्त्र, समाजशास्त्र बरीच विद्यापीठं पहिल्या वर्षी मुळापासून शिकवतात. इतिहासाची गोडी लागलेला माणूस पुढेही वाचतच राहतो. गणिताचं तसं नाही. तिथे प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. दोन वर्षं खंड पडला की सवय मोडते, आणि अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्राच्याही कित्येक अभ्यासक्रमांना मग अर्जच करता येत नाही. परक्या भाषेचंही थोडंफार असंच.

“मला जीवशास्त्रच करायचंय, मग गणित कशाला?” असं तू विचारलं आहेस. पनेट नावाच्या आनुवंशिकीच्या अभ्यासकापुढे एक प्रश्न आला होता: प्रभावी गुण (आई-वडिलांपैकी एकाकडून आला तरी मुलात दिसणारा) पिढ्यानपिढ्या वाढत जाऊन सगळ्यांमध्येच का पसरत नाही? त्याला उत्तर देता येईना. त्याने तो प्रश्न हार्डी या गणितज्ञ मित्रापुढे ठेवला. हार्डीला त्यासाठी ‘अ अधिक ब’ या बेरजेच्या वर्गाचा विस्तार पुरला, जो तू शाळेत केव्हाच केला आहेस. जोड्या कुठलीही निवड न होता जुळत असतील आणि बाहेरून कसला दबाव नसेल, तर गुणांचं प्रमाण आपोआप वाढत नाही, हे त्याने १९०८ मध्ये दाखवलं. वाइनबर्ग या जर्मन डॉक्टरनेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच मांडलं. आज जीवशास्त्राच्या पुस्तकात तो नियम दोघांच्या नावाने आहे. तुझ्या आवडत्या विषयातलं हे कोडं शेजारच्या विषयाने सोडवलं, म्हणून गणित ठेव असं मी म्हणतो.

मात्र एका तरी विषयात तळापर्यंत जायलाच हवं, आणि ते जास्त धडे उरकून होत नाही. लंबकाच्या आवर्तनकालाचं, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळेचं, सूत्र सगळे पाठ करतात. ते सूत्र कोन लहान असेल तरच चालतं, कारण तिथे कोनाची ‘ज्या’ (साइन) आणि कोन जवळजवळ सारखे असतात. ५ अंशांचा कोन रेडियन या एककात ०.०८७३ आणि त्याची ज्या ०.०८७२. आता लंबक ६० अंशांपर्यंत ओढून सोड. कोन १.०४७, ज्या ०.८६६. खरा आवर्तनकाल सूत्रातून येणाऱ्या उत्तरापेक्षा सुमारे ७ टक्के जास्त निघतो. सूत्र कुठे मोडतं हे स्वतः शोधलेलं मूल पुढे कुठल्याही विषयात तसेच प्रश्न विचारतं. ही सवय लागण्यासाठी रिकामा वेळ लागतो, आणि सहाही विषय अवघड घेतलेस तर तो उरणार नाही.

गणिताचं पुस्तक उघडलं की रोज पोटात गोळा येत असेल, तर मात्र माझं ऐकू नकोस. नुसतं कंटाळवाणं वाटत असेल तर ठेवच.

आता एक काम कर. मनात असलेल्या दोन-तीन अभ्यासक्रमांच्या प्रवेशाच्या अटी विद्यापीठाकडूनच मिळव, ऐकीव नकोत. कोणता विषय सक्तीचा आणि कोणता असला तर बरा, हे वेगवेगळं लिहून मला पाठव. उरलेल्या विषयांचं त्यानंतर बोलू.

सस्नेह