आधी इथे काय होतं?

अगं पोरी,

'शहरातल्या सगळ्या बागा सारख्याच वाटायला लागल्यात, यादी अर्धवट सोडून सरळ डोंगरात जावं का?' हे तुझं वाक्य वाचून मी अस्वस्थ झालो. डोंगरात जरूर जा, पण बागांवर रुसून जाऊ नकोस. हिरवळ, कारंजं, बाक, झोपाळे एवढंच बघायचं ठरवलंस तर दहावी बाग पहिलीसारखीच दिसणार. फाटकातून आत शिरताना एक प्रश्न धर: आधी इथे काय होतं?

मोठ्या शहरात मोकळी जागा आपोआप उरत नाही. कुणीतरी ती भांडून राखलेली असते, नाहीतर कुणाकडून तरी घेतलेली असते. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क घे. 843 एकर. तळी खोदलेली, झाडं लावलेली, आरपार जाणारे चार रस्ते जमिनीच्या पातळीखाली नेलेले, म्हणजे फिरणाऱ्याच्या नजरेत गाड्या येऊ नयेत. ऑल्मस्टेड आणि वॉक्स यांचा आराखडा 1858 मध्ये स्पर्धेतून निवडला गेला, इथपर्यंत सगळेच सांगतात. त्याच्या आदल्या वर्षी तिथलं सेनेका व्हिलेज उठवलं होतं, हे किती जण सांगतात? 1825 पासूनची वस्ती, बहुतेक कृष्णवर्णीयांची, कित्येकांच्या स्वतःच्या जमिनी, चर्च, शाळा. दिल्लीच्या लोदी गार्डनचंही तेच. मकबऱ्यांभोवती खैरपूर नावाचं गाव होतं. गावकऱ्यांना हलवलं आणि 1936 मध्ये बाग खुली झाली. तिथल्या गवतावर बसशील तेव्हा कुणाच्या तरी अंगणात बसलेली असशील.

हे कळलं की बागेची मजा जाते, असं मला आयुष्यभर ऐकवलं गेलं. सोबत फिरायला येणारे एकेक करून गळाले. मी फाटकाशीच कोनशिला वाचत उभा राहतो म्हणून वैतागले. वैतागू देत. ज्या जागेवर जीव जडतो तिची मागची हकीकत नको म्हणणं मला आजही पटत नाही.

आणि उत्तर दरवेळी दुःखाचंच निघतं असंही नाही. पॅरिसच्या ब्यूत-शोमों बागेच्या जागी आधी जिप्समच्या खाणी होत्या, मग शहराची घाण तिथे पडायची. 1867 मध्ये त्याच खड्ड्यांतून कडे, गुहा, धबधबा, तळं उभं केलेलं लोकांनी पाहिलं. तिथले कठडे लाकडी ओंडक्यांचे वाटतात. हात लावला की गार सिमेंट लागतं. साल, गाठी, छाटलेल्या फांदीची खूण, सगळं कुणा कारागिराने ओल्या गिलाव्यात काढलेलं. 'बागा खोट्या वाटतात' असं तू लिहिलंस ना? अगं, एवढ्या मेहनतीला खोटं म्हणताना जरा थांब.

बर्लिनमध्ये टेंपेलहोफचा विमानतळ 2008 मध्ये बंद झाला आणि 2010 मध्ये ते मैदान लोकांना मिळालं. धावपट्ट्या तशाच आहेत, लोक त्यांवर सायकली चालवतात. 2014 मध्ये तिथे इमारतींचा बेत आला तेव्हा शहराने मतदान करून तो हाणून पाडला. बेंगळुरूच्या लालबागेत तर प्रश्न फार मागे नेतो: बाग हैदरअलीने 1760 मध्ये सुरू केली, पण आतला खडक सुमारे 300 कोटी वर्षांचा!

तुझ्या शहरात हे शोधायचं कसं, ते सांगतो. बागेच्या वयापेक्षा जुनी झाडं हेर. ती सरळ रांगेत असतील तर तिथून बहुधा रस्ता गेलेला असतो. हिरवळीच्या मधोमध जुनी फळझाडं एकत्र दिसली तर घर किंवा वाडी होती का ते तपास. जाळी टाकलेली विहीर, कारणाशिवाय आलेला उंचवटा, पावसात नेमकं एकाच जागी साचणारं पाणी, हे सोडू नकोस. फुलांचे वाफे दर हंगामाला बदलतात, त्यांत वेळ घालवू नकोस. फोटो नंतर काढ, ते कुठे पळून जात नाहीत.

माळ्यांशी बोल. यात मात्र टाळाटाळ चालणार नाही. माझ्या ओळखीचे एक म्हातारे माळी होते. कुठे खोदलं की जुनी फरशी लागते हे त्यांना पाठ होतं. ते निवृत्त होऊन गावी गेले आणि ते सगळं त्यांच्याबरोबर गेलं. नोंदवहीत आहे ते झाडांची संख्या आणि खताचा हिशेब. आजही त्या बागेत गेलो की मला याची हळहळ वाटते, आणि कदाचित म्हणूनच तुझ्यामागे इतका लागलोय.

यादी फाडू नकोस, तिच्यातली सगळ्यात मोठी बाग घे. ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात शहराचे जुने नकाशे मागून बघ. बाग होण्याच्या आधीचा एक आणि नंतरचा एक. दोन्हींवर त्याच जागेला बोट ठेव. काय होतं ते मला लिहून पाठव. शेत, तळं, दफनभूमी, गिरणी, काहीही असो. नकाशावर नुसतं कोरं असेल तर तेही लिही, कारण मग कोरं कुणी आणि का ठेवलं, हे आपल्याला शोधावं लागेल.